दहा मिनिटं पुढचं घड्याळ

४ फेब्रुवारी

मनोऱ्याची गोष्ट मला फुकटात पडली, असं मी एकोणीस वर्षं ऐटीत सांगत आलोय. आज ऑफिसात भाचीने टोकलं, "मामा, फुकटात काही पडत नसतं, असं तुम्हीच म्हणता ना?" म्हणून खरा खर्च आठवून काढला. तो असा : वीस मिनिटं उन्हात उभं राहणं, बसलेला घसा, त्यापायी दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि ड्रायव्हरला पाजलेला एक चहा. चहा कशाला, तर गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "शेठ, काय थाप मारलीत हो!" त्याचं तोंड गोड करणं भाग होतं. बस्स, एवढंच. बाकी सगळी कमाई.

पुढेमागे विसरायला नको म्हणून गोष्टीची जन्मकथा लिहून ठेवतो. आमची सहल पाच दिवसांची, तीन जुन्या गावांची. जहाजांतून आलेल्या परक्या राज्यकर्त्यांनी वसवलेली ही गावं. ते गेले, गावं राहिली. एक बंदराचं, एक छावणीचं, एक मनोऱ्याचं. जकातघर, कमानींचा बाजार, दफनभूमी, क्लबाचा पडका व्हरांडा असं सगळं दाखवतो. मी शिकलेला नाही. बसस्टँडवर सामान उचलायचो. डोक्यावर ट्रंक घेऊन गाइड लोकांच्या मागे चालताना कानावर जे पडलं, त्याच्यावर उभा राहिलो. आजही शेवटच्या सीटवर कुणी कुजबुजलं तरी मला पुढे कळतं, कुणाला मळमळतंय आणि कुणाचं नवऱ्याशी बिनसलंय.

तर तिसऱ्या गावात धड टॉयलेट एकच, मनोऱ्याच्या मागे. गाडी तिथे थांबवावीच लागते. बावीस माणसं रांगेत, बघायला समोर नुसता मनोरा, आणि त्याबद्दल मला काडीची माहिती नाही. तेवढ्यात एका बाईंनी मनगट पुढे केलं, "अहो, हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे." आणि माझी जीभ सुटली. बंडाच्या साली एकेचाळीस हमाल कमानींच्या तळघरात लपले होते. चारच्या टोल्याला पहारा बदलतो, मधली दोन-चार मिनिटं मागचं दार मोकळं असतं, तेव्हा पळायचं असं ठरलं. मनोऱ्याला चावी देणाऱ्याने साहेबाकडून पैसे खाल्ले आणि काटे दहा मिनिटं पुढे सरकवले. टोले पडले. एकेचाळीस जण बाहेर आले... इथे मी थांबतो. वर घड्याळाकडे बघतो. तीन श्वास. मग हळू आवाजात : पहारा बदललेलाच नव्हता.

बायका रडल्या त्या दिवशी. टॉयलेटची रांग विसरून रडल्या.

आणि आज त्या गावच्या वारसा समितीचं पत्र आलंय! मनोऱ्यावर पितळी पाटी बसवणार, संध्याकाळी दिव्यांचा आणि आवाजाचा खेळ करणार, दोन्हीकडे माझी गोष्ट. अधिकृत मार्गदर्शक म्हणून आमची कंपनी. दुसरी गाडी घ्यायला हरकत नाही.

भाची म्हणाली, "पण ती तुम्ही बनवलेली आहे ना? पितळेवर घालायची?"

"बनवली म्हणजे माझीच झाली," म्हटलं. "मी केली, उद्या मनात आलं तर पाच मिनिटांत मोडीन. घाबरतेस काय?"


११ फेब्रुवारी

मनोऱ्याचं गाव. आज चावीवाले बाबा गाडीपाशी उभे होते. एकोणीस वर्षं तोंडओळख आहे, बोलणं कधी झालं नव्हतं. सत्तरी पार केलेला, काटकुळा माणूस, पण मनगटं दोरखंडासारखी. उजवा खांदा डाव्याहून वर. आयुष्यभर एकाच बाजूने दांडा फिरवल्याचा परिणाम असणार.

"चहा घ्यायला याल का? इथेच राहतो, खाली."

मनोऱ्याच्या बुडाशीच त्यांची खोली आहे. दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत लाकडी खोका. त्यातून घड्याळाची वजनं खाली उतरतात. सगळी खोली टिकटिकते. आपण बोलताना त्या ठेक्यात कधी बोलायला लागतो तेच कळत नाही. मुलगी पस्तिशीची, नखांत काळं वंगण. चार वर्षं चावी तीच देते. दर तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर पायऱ्या, तीन वजनं, प्रत्येकाला शंभरावर फेरे. नावाला मात्र नोकरी बाबांचीच.

बाबा म्हणाले, "तुमची गोष्ट मी या खिडकीतून ऐकतो. दर खेपेला. सांगता छान."

मी म्हटलं, "आपली कृपा."

"तुम्ही नाव घेत नाही कुणाचं, ते मान्य. पण या गावात चावीवाल्यांचं घर एकच आहे हो. मनोरा बांधला तेव्हापासून. माझा पणजा, आजा, बाप, मी. तुम्ही 'चावीवाला' म्हणालात की गाव या दाराकडे बघतं."

खरं सांगतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, प्रवासी लोक ऐकतात आणि पाचव्या दिवशी घरी जातात. तेवढ्यापुरतं असतं ते."

मुलगी स्टोव्हपाशी पाठमोरी होती. तिथूनच बोलली, "मला गावात 'दहा मिनिटं' म्हणतात. शाळेच्या शेवटच्या वर्षापासून. दहा मिनिटं आली, दहा मिनिटं गेली. दुकानात गेले की म्हणतात, बघा रे, सुट्टे पैसे नीट मोजून घ्या."

बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. मग सांगितलं ते असं. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे खरं. त्यांच्या आज्याने केलं. तेव्हा बंदरावर गोदामं होती, आणि सहाच्या ठोक्याला फाटक बंद व्हायचं. एक मिनिट उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा खाडा. फाटकावरचं घड्याळ बरोबर, म्हणून आज्याने मनोऱ्यावरचं दहा मिनिटं पुढे लावलं. माणसं मनोऱ्याकडे बघत धावायची आणि वेळेत पोचायची. सगळ्या गावाला माहीत होतं, साहेबाला सोडून. "आता गोदामं नाहीत. पण पहिली बस असते. शाळा असते. म्हणून राहू दिलंय. ते माहीत असणारी माणसं मेली. आता जी आहेत त्यांना तुमचीच गोष्ट ठाऊक."

त्यांना हवंय ते एवढंच : एका कागदावर एक ओळ. ही गोष्ट मी रचलेली आहे, आणि खाली सही. या महिन्यात मुलीच्या नेमणुकीचा कागद समितीपुढे जातोय. किल्ली आणि खोली तिच्या नावावर होणार की नाही ते ठरणार. त्या कागदाला ही ओळ जोडायची आहे.

"देतो की," मी म्हटलं. "एका ओळीचं काय एवढं? फक्त समितीची बैठक होऊ द्या, म्हणजे नीट विचार करून लिहितो."

"बैठकीच्या आधी हवीय," मुलगी म्हणाली. जरा फटकळ आहे. चहात साखरही कमी होती.


१३ फेब्रुवारी

ओळ लिहायला बसलो. 'सदर गोष्ट ही माझ्या कल्पनेतून' असं लिहिलं, खोडलं. 'सदर गोष्टीस आधार नाही' लिहिलं, तेही खोडलं. कसंही लिहिलं तरी मी लबाड ठरतो. आणि तिकडे पाटीचा मजकूर समितीकडे गेलेला!

आमच्या हिने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "तुम्हाला कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलेलं करता येत नाही. मधल्या मध्ये माणूस लटकतं."

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

"धंद्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. सहलीच्या नव्या पुस्तिकांचे गठ्ठे आले ते मोजून घेतले. कव्हरवर मनोरा झकास आलाय.


२० फेब्रुवारी

समितीची बैठक. सात माणसं, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मला खास पाहुणा म्हणून सचिवसाहेबांच्या शेजारची खुर्ची. बसस्टँडवरचा हमाल कुठे येऊन बसला, असं मनात आलं आणि ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

पाटी मंजूर. खेळ मंजूर. आमची कंपनी मंजूर. मग चौथा विषय, मनोऱ्याची किल्ली.

एक सभासद म्हणाले, "पाटीवर लिहायचं की चावीवाल्याने दगा दिला, आणि दारात त्याच घरची बाई किल्ली घेऊन उभी. लोक काय म्हणतील?"

दुसरे म्हणाले, "तिला आधीच कुणी वर सोडलं? नोकरी बापाची आहे. तिच्याकडची किल्ली आधी जमा करून घ्या. काम होईपर्यंत म्हातारा देईल चावी. पुढे काय ते विजेवर करू."

सचिवसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही या विषयातले जाणकार. तुमचं काय मत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खिशात पेन होतं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो आला नाही असं म्हणणार नाही. पण पहिल्याच बैठकीत पाहुण्याने पायात पाय घालावा हे काही बरं नाही. मी म्हटलं, "समितीला योग्य वाटेल तसं."

मग सगळ्यांनी हात वर केले. मला हात वर करायचा अधिकार नाही, त्यामुळे त्या ठरावात मी नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.


२१ फेब्रुवारी

रात्री झोप उत्तम लागली. म्हणजे मनात काही नसणार.


२ मार्च

नव्या पुस्तिकांसह पहिली फेरी. मनोऱ्यापाशी गाडी लागली तेव्हा बाबा जिन्याच्या दारात कुलूप काढत होते. आता चावी तेच देतात. मुलगी खाली दाराशी, हातात पाण्याचा तांब्या, जिन्यात जायला मनाई. जिन्याच्या दाराला नवा पहारेकरी बसवलाय. त्याने मला पाहून सलाम ठोकला.

गोष्ट सांगताना माझा एक कान आत होता. सवयच आहे ती. टिकटिकीच्या मध्ये बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते पायऱ्या मोजत चढत होते. बावीसपर्यंत नीट मोजल्या, मग थांबले, मग पुन्हा बावीस म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. एकेचाळीस जण बाहेर आले म्हणालो तेव्हा वर दांड्याची पहिली करकर झाली. प्रवाशांना वाटलं, मुद्दाम केलंय. टाळ्या पडल्या.

निघताना बाबा खाली आले होते. ओठ पांढरे पडलेले. भिंतीला टेकून म्हणाले, "ओळ?"

"पुढच्या खेपेला नक्की. आता काय, बैठकही झाली. सावकाशीने चांगली लिहितो."

"एकच ओळ होती हो."

तेवढंच म्हणाले. ड्रायव्हर गाडी चालू करताना म्हणाला, "शेठ, त्या म्हाताऱ्याला वर चढवू नका कुणी. तो पडेल एक दिवस." मी म्हटलं, "मी कोण चढवणारा?"


९ मार्च

आजचं जसं घडलं तसं लिहितो.

दहा वाजता मनोऱ्यापाशी पोचलो. एकोणीस प्रवासी. रांग लागली, मी सुरुवात केली. एका तरुणाने वर बोट केलं, "काका, घड्याळ तर बंद आहे." खरंच, काटे सव्वानऊवर थांबलेले. आणि मी म्हटलं, "आज फितुराला सुट्टी दिसतेय."

हसले सगळे. चांगले खळखळून हसले.

मुलगी जिन्याच्या दारापाशी होती. तिने ऐकलं. पहारेकऱ्याशी तिचं काहीतरी चाललं होतं. तो म्हणत होता, "लेखी आणा, मग किल्ली मागवतो. तुम्हाला तर मुळीच सोडायचं नाही असं आहे." ती म्हणत होती, "आत माणूस आहे. सकाळी सहापासून आत आहे." मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मला वाटलं, घड्याळ दुरुस्तीला कुणी आलाय, त्याच्याबद्दल आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ओळखीचा हात केला आणि गोष्ट पुढे नेली.

ती धावत पालिकेच्या दिशेने गेली. आम्ही अकराला पाच कमी असताना निघालो.


१० मार्च

फोन आला. बाबा गेले.

काल सकाळी सहाला चावी द्यायला वर गेले. नियमाप्रमाणे आतून कुलूप लावून घेतलं, कारण दुसरं कुणी वर जाता कामा नये. मुलगी खाली कान लावून बसली होती. दांडा फिरल्याचा आवाज आला नाही. तिने हाका मारल्या. पहारेकरी म्हणाला, म्हातारा कामात असेल. दुसरी किल्ली, म्हणजे तिच्याकडून जमा करून घेतलेली, पालिकेत सचिवसाहेबांच्या टेबलाच्या खणात होती. साहेब बैठकीत. बैठक साडेबाराला सुटली. उघडलं तेव्हा एकसष्टाव्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले होते.

ड्रायव्हर सकाळीच तिकडे जाऊन आला. त्याने सांगितलं, डॉक्टर मुलीला म्हणाले की अकरापर्यंत जिवंत असावेत.

आम्ही दोघे दुपारी गेलो. पालिकेची गाडी होती, तिच्या मागे मुलगी, एक चुलत बहीण, दोन म्हातारे, ड्रायव्हर आणि मी. एवढं गाव, आणि सहा माणसं. कमानींच्या बाजारातून जाताना दुकानदार दारांत उभे होते. एक जण शेजारच्याला सांगत होता. माझे कान, दुसरं काय. "...टोले पडले. एकेचाळीस जण बाहेर आले..." तो थांबला. वर बंद घड्याळाकडे पाहिलं. मी मोजलं. तीन श्वास. "पहारा बदललेलाच नव्हता. त्याच घरातला हा."

माझंच वाक्य. थांबासुद्धा माझाच.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत नव्हता. परत येताना चहाला थांबू का विचारलं, तर म्हणाला, "नको. मला तुमचा चहा नको."


१४ मार्च

ओळ लिहिली. एकाच बैठकीत लिहून झाली. एक नाही, पानभर लिहिली. टॉयलेटची रांग, बाईंचं मनगट, सगळं. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. सकाळच्या बसने जाऊन सचिवसाहेबांच्या हातात दिली.

त्यांनी शांतपणे वाचली. चष्मा काढला. "तुमच्या भावना समजतो. म्हातारा गेल्याचं आम्हालाही वाईट वाटलं. पण असं एकदम काही बदलता येत नाही."

"अहो साहेब, गोष्ट खोटी आहे. मीच रचली."

"हे बघा." त्यांनी कपाटातून तीन कागद काढले. "आम्ही काही कुणाच्या सांगण्यावर पाटी करत नाही. पुरावे बघितलेत. ही निवृत्त हेडमास्तरांची पुस्तिका, बारा वर्षांपूर्वीची. हा वर्तमानपत्राचा विशेषांक. आणि हा एका विद्यार्थ्याचा प्रबंध."

मी पाहिलं. प्रबंधात तळटीप : पाहा, विशेषांक. विशेषांकात : पुस्तिकेवरून. पुस्तिकेत शेवटच्या पानावर : स्थानिक जाणकारांकडून ऐकलेले. हेडमास्तर मला आठवले. सहलीला आले होते. पुढच्या सीटवर बसून वहीत लिहून घ्यायचे, आणि मी त्यांच्यासाठी जरा सावकाश बोलायचो.

"साहेब, तो जाणकार मी आहे."

"तुम्हीही असाल. पण तीन ठिकाणी आलंय." त्यांनी माझा कागद परत केला. "एका माणसाच्या म्हणण्यावरून इतिहास बदलायला लागलो, तर उद्या कुणीही उठेल आणि काहीही सांगेल."

"आणि मुलीची किल्ली? खोली?"

"तो विषय संपला. मोटर येतेय. खोलीत खेळाचं यंत्र बसणार. तिला महिनाअखेरची मुदत दिलीय."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. आयुष्यात एवढा वेळ नुसता कधी बसलो नव्हतो.


२२ मार्च

मुलीकडे गेलो. खोलीत टिकटिक नाही. खाट उभी करून भिंतीला लावलेली, दोन बोचकी, एक पेटी. चुलत बहिणीच्या गावी शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथे हाताखाली राहणार म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्याकडे या. कंपनीत काम देतो. मान राहील."

"काय काम? गोष्ट सांगू?"

मी कागद पुढे केला. म्हटलं, समितीने घेतला नाही, निदान तुमच्यापाशी असू द्या. तिने पेटीवर बसून सगळा वाचला, सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

"तारीख नाही यावर."

खरंच राहिली होती. मी पेन काढलं.

"बावीस मार्च नको," ती म्हणाली. "अकरा फेब्रुवारी टाका. त्या दिवशी मागितला होता बाबांनी."

दुःखातलं माणूस आहे, तेवढं समाधान मिळत असेल तर मिळू दे, म्हणून मी लगेच अकरा फेब्रुवारी टाकली. खाली नव्याने सही केली.

ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. "बघा," म्हणाली, "किती पटकन जमतं तुम्हाला."

मला बरं वाटलं, राग गेला असं वाटलं. बोचकी स्टँडपर्यंत मी उचलली. जुनी सवय आहे, तोल जात नाही. तिने नको म्हटलं नाही, थँक्यूही म्हटलं नाही. बस निघाल्यावर परत येऊन बघतो तर कागद उभ्या खाटेच्या फळीत खोचलेला. विसरली बहुतेक. पत्ता घेतला नाही, नाहीतर पोस्टाने पाठवला असता.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, तारखेचंसुद्धा. ही म्हणाली, "तुम्हाला ती का हसली ते खरंच कळलं नाही?"

मी म्हटलं, "कळायचं काय त्यात?"

ती आत निघून गेली.


३० मार्च

भाचीने राजीनामा दिला. लग्न ठरतंय म्हणून असं कागदावर लिहिलंय. लग्नाचं आमच्या कानावर काही नाही. जाताना म्हणाली, "मामा, पाच मिनिटं म्हणाला होतात." मी म्हटलं, थांब तू, दाखवतोच.


६ एप्रिल

पाटी लागल्यानंतरची पहिली फेरी. पितळ उन्हात असं चमकतं की डोळे बारीक करावे लागतात. घड्याळ आता विजेवर चालतं आणि अगदी बरोबर वेळ दाखवतं.

आज अठरा प्रवासी होते. रात्रभर मनात जुळवाजुळव केली होती. पाटीकडे पाठ करून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मी कोण, कशासाठी थांबलो होतो, गोष्ट कशी रचली. चावीवाल्यांच्या आज्याने घड्याळ पुढे का लावलं, फाटक, खाडा, धावणारी माणसं. बाबा, एकसष्टावी पायरी, खणातली किल्ली. मुद्दाम कुठे थांबलो नाही, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. असा बेचव मी आयुष्यात बोललो नव्हतो.

लोक चुळबुळत होते. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी हात वर केला. "पण ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली होती. लहानपणी."

"बाई, ती मी एकोणीस वर्षांपूर्वी केली."

"तुम्ही उगाच स्वतःकडे कमीपणा घेताय," त्या म्हणाल्या, आणि प्रेमाने माझ्या दंडावर थोपटलं.

गाडीत शेवटच्या सीटवर दोघे कुजबुजत होते. एक म्हणाला, "त्या घरच्यांनी चारले असतील पैसे." दुसरा म्हणाला, "नाहीतर पितळेवर लिहिलेलं खोडायला कोण निघतं?" ऐकू येत होतं. मी मागे वळलो नाही.

त्याआधी, म्हणजे मी बोलून थांबल्यावर, अठरापैकी सोळा जणांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. त्यांतले चार मी काढले.